नवसाच्या कोंबड्याने खाल्लेली पूड

मी शुक्री बाळ्या वरठा, वय अंदाजे सत्तर, दाखला मागू नये, दाई मेली. धंदा मजुरी व कोंबड्या पाळणे. राहणार डोंगरपाडा, झरी, ता. तलासरी, जि. पालघर.

समक्ष विचारल्यावरून सांगते की, वरील पत्त्यावर मी, मुलगा रूपेश व सून पुष्पा असे राहतो. पुष्पा गरोदर आहे. मागच्या बाळंतपणाबद्दल मला काही सांगायचे नाही.

आमच्या पाड्यातली पशुसखी सुषमा हिने गेल्या महिन्यात आमच्या पिल्लांच्या डोळ्यांत मानमोडीच्या लसीचे थेंब घातले. सोबत क्षारांची पूड दिली व म्हणाली, "आजी, ही रोज कण्यांत मिसळा. पिल्लू अशक्त राहिलं तर लस अंगी लागत नाही."

पूड पिल्लांना मिळाली नाही. रूपेशने ती नवसाच्या कोंबड्याला चारली. पुष्पा सुखरूप सुटली की हा कोंबडा देवाला द्यायचा आहे. मी बोलले तर म्हणाला, "आये, देवाला मरतुकडा देऊ का?" मी म्हटले, "देव काय वजनकाटा घेऊन बसलाय?" त्याने ऐकले नाही. कोंबडा सध्या फौजदारासारखा चालतो. साहेबांनी राग मानू नये.

नंतर पाड्यात मानमोडी आली. आमची पिल्ले माना वाकड्या करून मेली. पुष्पा रडली नाही. पोटावर हात ठेवून चुलीपाशी बसून राहिली. ते पाहून रूपेश उठला आणि सुषमाच्या औषधाने पिल्ले मेली अशी तक्रार पोलीस ठाण्यात देऊन आला.

शेजारीण हिरकणी हिच्या पिल्लांना त्याच दिवशी, त्याच बाटलीतले थेंब घातले होते. तिने पूडही चारली. ती पिल्ले जिवंत असून माझ्याच ओट्यावर घाण करतात. पुडीने आमची वाचलीच असती का, असे विचारल्यावरून सांगते की, ते मला ठाऊक नाही. थेंबांनी मेली नाहीत, एवढे ठाऊक आहे.

तक्रारीपासून पाड्यात कोणी सुषमाला कोंबडीला हात लावू देत नाही. तिची औषधाची पेटी ठाण्यात आहे. माझी दुसरी कोंबडी अंड्यांवर बसली आहे. त्या पिल्लांना थेंब सुषमानेच घालायचे आहेत, मी स्वतः पिल्लू धरीन. तरी पेटी तिला परत द्यावी.

जबाब मला माझ्या बोलीत वाचून दाखवला. त्यात 'मुलगा खोटे बोलतो' असे आले होते, ते मी खोडायला लावले. तिथे 'मुलगा घाबरला आहे' असे लिहून घेतले. आता बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा