तांबडी पुडी

—उठतेस कुठे, सुभद्रे? बस. ‘डॉक्टरानू, माझो घोव मरतलो’ — ऐकलं मघाशीच. सावंतवाडीच्या इस्पितळात डॉक्टरने विचारलंय, माझ्या पुडीत काय होतं. नाव कळलं नाही तर तुझा नवरा दत्ताराम हाती लागत नाही — एवढंच ना? सांगतो की. गाडीला वेळ आहे. पण आधी तू सांग, दोन वर्षांपूर्वी तो इथे कसा आला होता? दोघांच्या खांद्यावर. पायाचा अंगठा वांग्यासारखा सुजलेला, चादर लागली तरी बोंबलायचा. आणि चौथ्या दिवशी? होडीवर! कोणी चढवला? देवळातल्या रवळनाथाने?

पुडी सुरू केल्यावर बाटलीत धरलेली लघवी आठवते? सकाळी तळाला विटेच्या भुकटीसारखा गाळ — तू किंचाळलीस, रक्त म्हणून. रक्त नव्हे गो, आम्ल ते, युरिक आम्ल. त्याची मूत्रपिंडं ते धरून बसायची, सांध्यांत साचायचं. माझ्या पुडीने सूज उतरवली, वर मूत्रपिंडांना ते बाहेर टाकायला लावलं. समजलं? नाहीच समजणार. म्हणून तर मी गोळ्या खलात कुटून, गेरू घालून देतो — नाव कळलं असतं तर कुठल्याही दुकानात मिळाल्या असत्या, मग ताजी सुरमई घेऊन माझ्या दारात कोण आलं असतं? तू?

आणि तू काय केलंस? नवरा बरा झाला म्हणून देवळात गाऱ्हाणं घातलंस — ‘औषध सुटांदे, होय म्हाराजा!’ — आणि उरलेल्या पुड्या समुद्रात. सुटलं हो औषध! मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात, बाई. माझ्या पुडीत होता तसला रस त्या स्वतः बनवतात. पण दोन वर्षं बाहेरून आयता मिळाला की निजतात — आणि एकाएकी तोडला की माणूस थंड पडतो. एकदम सोडायचं नसतं, हे मी सांगितलं नव्हतं? नाही सांगितलं. सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, का? मग सगळंच सांगावं लागलं असतं — अगं, साधं प्रेडनिसोलोन ते! त्याच जातीची सुई टोचली तर दोन-चार तासांत डोळे उघडेल तो —

ओठ का हलवतेस? पाठ करतेस होय? मेलं, तोंडातून गेलं खरं. कर पाठ. माझं नाव मात्र तिथे घ्यायचं नाही. घेतलंस तर तुझ्या पोरांच्या तापाला दुसरा डॉक्टर शोध.

हॉर्न ऐकलास? तीच, सावंतवाडीची दुपारची शेवटची. धावू नकोस, वळणापलीकडे गेली पण. उद्या सकाळी आहे दुसरी.

जा आता. आणि ती टोपली आत ठेवून जा — मासे उन्हात नकोत.