पाणी जुनं होईपर्यंत

आनाक्लेतो : आणि हे मधलं झाड पुन्हा उपटलंस? त्याला नवं पान फुटलं होतं की!

जांदिरा : वाकडं लागलं होतं, बाबा, परत लावतेय. तुम्ही आधी टाकीतनं हात बाहेर काढा. त्याच हाताला रक्त धुवायच्या मशीनच्या सुया टोचतात ना? ओला करू नका म्हणून नर्सबाई कानीकपाळी ओरडतात.

आनाक्लेतो : झाड वाकडंच असतं गं. सरळ असतो तो झेंड्याचा खांब.

जांदिरा : बरं.

आनाक्लेतो : बरं काय बरं? मागं वाळू बदललीस. त्याच्या आधी ते लाकूड बाहेर काढून पुन्हा उकळलंस. तेही तू स्वयंपाक करतेस त्या शाळेतल्या पातेल्यात.

जांदिरा : जुन्या पातेल्यात. त्यात आता कुणी घेवडा शिजवत नाही. आणि लाकूड उकळल्याशिवाय टाकीत घालायचं नसतं, दुकानदारानं दहादा बजावलंय.

आनाक्लेतो : नदीत कोण उकळतं?

जांदिरा : नदी वाहती असते. ही काचेची पेटी आहे. यात जे सडेल ते यातच राहणार.

आनाक्लेतो : हे मात्र खरं बोललीस.

जांदिरा : खुर्चीवर बसा बघू. काल मशीनवरून आल्यापासून तुमचा चेहरा उतरलाय.

आनाक्लेतो : बसतो. पाणी दे घोटभर.

जांदिरा : सकाळचा पेला झाला तुमचा. आता दुपारी.

आनाक्लेतो : वा! माशाला दोन पिंपं पाणी, आणि ज्यानं जन्म नदीत काढला त्याला पेला. केळं बंद, असाईच्या फळांचा रस बंद, माशाचा रस्सा वाटीभर. आता श्वास तेवढा मोजून घ्यायचा राहिलाय.

जांदिरा : बर्फाचा खडा देते. चोखत बसा.

आनाक्लेतो : दे. ... ती पिंपं कशाला झाकून ठेवलीत?

जांदिरा : नळाचं पाणी आहे. या मनाऊस शहरातल्या नळाला औषधाचा वास मारतो, तो उडून जाऊ दे म्हणून. तसंच ओतलं तर माशाचे कल्ले जळतात. वर झाकलंय ते नुसतं फडकं आहे, डास होऊ नयेत म्हणून.

आनाक्लेतो : आणि ती कांडी?

जांदिरा : पाणी कोमट ठेवते. तुमच्या त्या अकारा माशाला गारवा सोसत नाही ना! पण त्या उबेत बाजारातली निम्मी झाडं सडतात. ही रुंद पानांची तेवढी टिकतात.

आनाक्लेतो : आमच्या नदीच्या काळ्या पाण्यात कुठली आलीत झाडं? अकारा राहतो बुडालेल्या फांद्यांत. थाळीसारखा चपटा जीव, दोन फांद्यांच्या मधनं आडवा नाही जायचा, उभा जातो. म्हणून म्हणतो, लाकूड उभं लाव. आडवं पडलेलं लाकूड माशाच्या काय कामाचं?

जांदिरा : उभंच लावलंय, तुम्ही म्हणालात तसं. झाडं पाण्यातली घाण खातात म्हणून लावली.

आनाक्लेतो : लाव गं, लाव. कोंडलेल्या पाण्याला कुणीतरी खाणारं हवंच. मला त्यातलं काय कळतं! जन्मभर अकारा पकडले, एक म्हणून पाळला नाही. होडीतनं परातीत, परातीतनं व्यापाऱ्याच्या डब्यात. पुढं कुठल्या देशात गेले, जगले का मेले, देवाला ठाऊक.

जांदिरा : म्हणूनच म्हटलं, एकदा घरात ठेवून बघू.

आनाक्लेतो : तेच सांगायचं होतं. गावाकडच्या तोमेशी बोललो फोनवर. अकाराची जोडी धरून ठेवलीय त्यानं. उद्या आपल्या तिकडच्या बार्सेलोसहून बोट येतेय, तीवर चढवतोय.

जांदिरा : उद्या? बाबा, मला विचारायचं तरी!

आनाक्लेतो : काय विचारायचं? येताना बोट मासे आणेल, शुक्रवारी जाताना मला नेईल.

जांदिरा : पाणी जुनं झालेलं नाही अजून. नव्या पाण्यात मासा टाकला की स्वतःच्याच घाणीनं मरतो. ती घाण पचवणारे जीव त्या गाळणीत वाढावे लागतात, ते डोळ्यांना दिसत नाहीत. त्यांना वेळ द्यावा लागतो.

आनाक्लेतो : किती वेळ?

जांदिरा : लागेल तेवढा.

आनाक्लेतो : बोलणं काय झालं होतं आपलं? तू म्हणालीस, बाबा, मला टाकीतलं काही कळत नाही, मासे सोडेपर्यंत राहा. मी हो म्हणालो. मासे सोडले की मी मोकळा.

जांदिरा : तिकडे मशीन नाही, बाबा.

आनाक्लेतो : माहीत आहे.

जांदिरा : मशीनवर जाणं चुकलं तर काय होतं ते डॉक्टरांनी तुमच्या तोंडावर सांगितलंय.

आनाक्लेतो : माहीत आहे म्हटलं ना! मी काय नाचायला चाललोय तिकडे? दमलो मी, पोरी. दिवसाआड त्या खुर्चीत पडायचं, शेजारी सगळे आपल्यासारखेच पिवळे. रक्त बाहेर जातं, आत येतं. घरी आलो की झोप, आणि उठलो की पुन्हा तेच. त्यापेक्षा आपल्या होडीत बसेन, चार दिवस का होईना.

(दार उघडतं. जांदिराचा नवरा वाल्देसिर खांद्यावर वाळक्या पानांचं पोतं घेऊन आत येतो.)

वाल्देसिर : घ्या, सासरेबुवा! तुमची नदी आणलीय पोत्यात भरून. ही पानं टाकली की पाणी चहासारखं होतं म्हणे.

आनाक्लेतो : पोतं खाली ठेव आधी, धापा टाकतोयस.

वाल्देसिर : चार जिने चढलोय. बोट बरी तुमची, जिने नसतात. बरं, बंदरावर तोमेचा पोरगा भेटला. खुशीत होता लेकाचा. म्हणाला, आजोबांची होडी डांबर लावून चकाचक केलीय, नवं नावसुद्धा रंगवलंय.

जांदिरा : वाल्देसिर.

वाल्देसिर : काय? ... अगं, मला वाटलं, तू सांगितलं असशील.

आनाक्लेतो : कुणाची होडी?

वाल्देसिर : मी खाली जाऊन बर्फ आणतो.

जांदिरा : बर्फ आहे घरात.

वाल्देसिर : मग ब्रेड आणतो. काहीतरी आणतो. येतोच मी, सासरेबुवा.

आनाक्लेतो : पळाला. ... माझी होडी दिलीस तू तोमेच्या पोराला?

जांदिरा : हो.

आनाक्लेतो : इंजिन आधीच नेलं होतं त्यानं. दुरुस्तीला म्हणालीस.

जांदिरा : दुरुस्तीला नव्हतं. दिलं होतं.

आनाक्लेतो : आणि घर?

जांदिरा : घरात तोमेची मोठी लेक राहायला आलीय. तिचं लग्न झालंय. रिकामं घर वाळवी खाते, बाबा.

आनाक्लेतो : म्हणजे तिकडे माझं काय राहिलं?

जांदिरा : तुमची झोपायची झोळी आहे. खुंटीवर टांगलेली. तिला कुणी हात लावायचा नाही असं बजावलंय मी.

आनाक्लेतो : झोळी. ... तुला आठवतं, पाणी चढायच्या आधी आपण फांद्या तोडून तळ्याच्या कडेला रास घालायचो?

जांदिरा : आठवतं. माझ्या हाताला अजून वण आहे.

आनाक्लेतो : मग पाणी चढायचं. रास बुडायची. अकाराला वाटायचं, वा, काय झकास घर आहे. बाया-पोरांसकट यायचा राहायला. आपण बघतसुद्धा नव्हतो तिकडे. आणि पाणी उतरलं की भोवतीनं जाळं लावायचं, आत उतरायचं, एकेक फांदी उचलून बाहेर फेकायची. एकदम नाही. एकेक.

जांदिरा : बाबा...

आनाक्लेतो : मासा पळत नाही. उरलेल्या फांद्यांत दाटीनं उभा राहतो. शेवटी एकच फांदी उरते, सगळे तिच्याखाली. मग जाळं उचलायचं. तू लहान होतीस तेव्हा विचारायचीस, बाबा, हे पळत का नाहीत?

जांदिरा : तुम्ही म्हणायचात, मूर्ख असतात.

आनाक्लेतो : तर तू माझ्यासाठी रास घातलीस. हे लाकूड, ही झाडं, ही कोमट पाण्याची कांडी. आणि तिकडून एकेक फांदी काढत गेलीस.

जांदिरा : हो. घातली. मग काय करू? शुक्रवारी तुम्हाला बोटीत बसवून हात हलवू? आई गेली तेव्हा मी पोचले नाही, पाणी आटलं होतं, बोट वाटेत वाळूत रुतून बसली. आता तुम्हीही तसेच जाणार, आणि मी पुन्हा कुठल्यातरी वाळूत अडकलेली असणार! मला नाही जमायचं ते. रागवा, मारा, काय वाटेल ते करा. मला तुम्ही हवे आहात. पिवळे तर पिवळे.

आनाक्लेतो : ओरडू नकोस. शेजारी ऐकतील.

जांदिरा : ऐकू दे.

आनाक्लेतो : ... पाणी जुनं झालंय ना?

जांदिरा : कुठलं?

आनाक्लेतो : टाकीतलं. खरं सांग.

जांदिरा : झालंय.

आनाक्लेतो : कधी?

जांदिरा : वाळू बदलायच्या आधीच. थेंब टाकून रंग बघायची बाटली असते, त्यात सगळं ठीक आलं होतं. म्हणून थोडीच वाळू बदलली, गाळणीला हात नाही लावला. नंतर दर आठवड्याला काहीतरी काढत राहिले. झाड वाकडं, लाकूड वाकडं.

आनाक्लेतो : मला माहीत होतं.

जांदिरा : काय माहीत होतं?

आनाक्लेतो : लाकडाला बुळबुळ धरली, काचेवर हिरवं आलं, झाडाला पान फुटलं. चुकीच्या पाण्यात नवं पान फुटत नाही. तू शाळेत गेलीस की मी या हातानं नाही, दुसऱ्या हातानं पाणी काढून वास घ्यायचो. तळ्याच्या कडेला येतो तसा वास आहे.

जांदिरा : मग बोलला का नाहीत? मासे सोडून केव्हाच गेला असतात.

आनाक्लेतो : गेलो असतो.

जांदिरा : मग?

आनाक्लेतो : मूर्ख म्हणायचो ना मी त्यांना? नसतात ते मूर्ख. जाळं दिसत असणार त्यांना. दमलेले असतात बिचारे. आणि फांदी ओळखीची असते.

जांदिरा : बाबा, तोमेला फोन करू? उद्या मासे चढवू नको म्हणून?

आनाक्लेतो : कर. पाणी जुनं झालं नाही म्हणून सांग.

जांदिरा : किती दिवस सांगू?

आनाक्लेतो : मला काय विचारतेस? ... इकडे ये. हे मधलं झाड बघ. पुन्हा वाकडंच लावलंयस.