उद्या सकाळी लिफ्ट चालू

भाचा : अगं, पण उद्या ती चालू असणार आहे. सकाळभर. मी स्वतः उभा राहून चालू करून घेतोय.

मावशी : म्हणजे एरवी बंद असते, हे कबूल. दोन वर्षं मी सांगत होते, तेव्हा म्हणायचास, "मावशी, तू बटण नीट दाबत नसशील."

भाचा : उद्घाटनानंतर आठवडाभर चालू होती.

मावशी : हो, आणि त्या आठवड्यात मी तापाने झोपले होते. माझंच चुकलं.

भाचा : टोमणे नंतर मार, आधी ऐक. शहरांना बक्षीस देणारी समिती येतेय. ‘टिकाऊ शहर’. आमचा पादचारी पूल शेवटच्या फेरीत आहे. त्यांना तो वापरणारी वयस्कर माणसं भेटायचीयत. तू अलीकडून लिफ्टने वर यायचं, आई पलीकडून. पुलावर मध्ये भेटायचं. फोटो निघेल.

मावशी : कुणाचा? पुलाचा की आमचा?

भाचा : दोन्हींचा गं.

मावशी : तुझी आई समोरच्या घरात राहते. माझ्या खिडकीतून तिच्या खिडकीतला दिवा दिसायचा. मधे तुम्ही हमरस्ता आणलात, कठडे घातलेत, आवाज अडवायला उंच पत्रे लावलेत. आता दिवा दिसत नाही, ती दिसत नाही. आवाज मात्र सगळा येतो.

भाचा : गाडीने जाता येतं की. मी नेतो म्हटलंय.

मावशी : म्हटलंयस. मागच्या वेळी म्हटलंस तेव्हा मी चपला घालून दुपारभर दारात बसले होते.

भाचा : मीटिंग लांबली होती.

मावशी : फोन करावा तर तिला ऐकू येत नाही. परवा ओरडून विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, "हो हो, जेवले."

भाचा : मावशी, नकाशात लिफ्ट नव्हतीच. नुसत्या पायऱ्या होत्या. मी वरिष्ठांशी भांडून ती घातली. तुम्हा दोघींसाठीच.

मावशी : माहीत आहे. गल्लीभर सांगत फिरले होते, माझ्या भाच्याने लिफ्ट आणली म्हणून. आता तीच माणसं विचारतात, आजी, किल्लीही भाच्याकडेच का?

भाचा : माझ्याकडे कुठली? बांधणारं खातं वेगळं, चालवणारं वेगळं. ते म्हणतात, आधी चालक द्या, मग ताब्यात घेऊ. आमचे म्हणतात, आधी ताब्यात घ्या, मग चालक मागा.

मावशी : तोवर?

भाचा : तोवर कुलूप. वापरात बिघडली तर जबाबदार कोण? वापरलीच नाही तर बिघडत नाही.

मावशी : हे मात्र खरं टिकाऊ. द्या बक्षीस.

(भाचा उठून खिडकीशी जातो. पत्रे बघत उभा राहतो.)

मावशी : तू बघतोयस ना, तिथेच पांढरे पट्टे होते. एक कळकट माणूस दरवर्षी डबा-ब्रश घेऊन यायचा. अर्धा रस्ता अडवायचा, गाडीवाल्यांच्या शिव्या खायचा, पट्टे मारून जायचा. तुझे वडील गेले, त्या दिवशी तुझी आई तुला कडेवर घेऊन त्याच पट्ट्यांवरून माझ्याकडे धावत आली. आता काही झालं तर कुठून यायचं तिने?

भाचा : तेव्हा गाड्या किती होत्या, मावशी?

मावशी : थोड्याच होत्या. पण तो माणूस पुढच्या वर्षी परत यायचा रे. तुमच्यात परत येणारं कुणी नाही. फीत कापलीत की गेलात.

भाचा : मी आलोय ना.

मावशी : समिती येतेय म्हणून.

(भाचा खिडकीपासून परत येऊन बसतो.)

मावशी : बरं, आईला सांगितलंस?

भाचा : काल. ठेवणीतले कपडे बाहेर काढून ठेवलेत तिने.

मावशी : उद्यापुरतीच चालू आहे, हे सांगितलंस?

भाचा : पाटीवर लिहून दाखवलं, लिफ्ट चालू होतेय, ताईला भेटायचं. ती इतकी खूश झाली की पुढचं लिहवेना. म्हणाली, मग आता रोज संध्याकाळी जाईन ताईकडे.

मावशी : आणि तू?

भाचा : मान हलवली.

मावशी : साहेब झालास खरा.

भाचा : राहू दे. नको येऊस. दुसरं कुणीतरी बघतो. आईला मी सांगतो काहीतरी.

मावशी : गप्प बस. येणार आहे मी. काय विचारतील ते?

भाचा : लिफ्ट रोज वापरता का. सोयीची आहे का.

मावशी : वापरते म्हणेन. फार सोयीची आहे म्हणेन.

भाचा : मी तुला खोटं बोलायला लावतोय, मावशी.

मावशी : लावतोयस. दोन वर्षं खरं बोलत होते, तर कुलूप निघालं नाही.

भाचा : आणि... फोटोच्या वेळी जरा...

मावशी : काय जरा?

भाचा : हसशील ना? अशी तोंड पाडून उभी राहू नकोस.

मावशी : त्याची काळजी नको. ती समोरून येताना दिसली, की हसू येईलच.