कोणत्या प्रश्नाचा त्रास झाला?

कुवेत, १९६४. बायकोला बोलावून घ्यायच्या परवान्याचा अर्ज भरून परकारचाचा माझ्या पुढे रांगेत उभे होते. तेवढ्यात खिडकीतून सगळ्यांना आणखी एक कागद मिळाला. चाचांनी तो शेजारच्या यासीनकडे दिला. यासीन त्यांच्याच गावचा, तेलकंपनीत कारकून.

"वाच रे, आता काय भरायचं राहिलं?"

"काही नाही, चाचा. अर्ज भरताना तुम्हाला काय त्रास झाला, ते विचारतायत."

"कोण?"

"सरकार."

"नि अर्ज कुणी काढला?"

"सरकारनंच."

"मग त्यांना ठाऊक नाय?"

"तुमचं मत हवंय. नको असलेला प्रश्न काढून टाकणार म्हणे."

"मत दिलं नि परवाना अडला तर?"

"अडेल असं लिहिलेलं नाही."

"अडणार नाय, असं लिहिलंय?"

"तसंही नाही."

"मग लिही, त्रास नाय. थांब, थांब. एका प्रश्नाचा झाला."

"कोणत्या?"

"बाहेर अर्ज लिहिणाऱ्या मुन्शीनं भर बाजारात विचारलं, बायकोचं नाव काय? बारा वर्षांत मी ते चारचौघांत घेतलं नाय. घरात पण काशिमची आई म्हणूनच हाक मारतो."

"मग लिहू, नावाचा प्रश्न काढा?"

"काढला तर परवाना कुणाच्या नावानं येणार?"

"हां... ते खरंच की."

"मग नको. त्रास नाय, असंच लिही. नि खाली घाल, फखरुन्निसा. ऐकलंस ना? फखरुन्निसा!"

"चाचा, हळू. या कागदावर नाव मागितलेलंच नाही."