हिवतापाच्या वॉर्डात पुलाव

(कुर्गानतेपा शहरातलं एक रुग्णालय. युद्ध संपल्यानंतरचा दुसरा शरद.)

सफरअली : अहो आपा, नुसत्या बघत काय उभ्या? कढई कुठं ठेवू ते सांगा. हात भाजताहेत माझे!

डॉ. मुनव्वरा : इथं ठेव, टेबलावर. एवढा पुलाव? लग्न आहे का कुणाचं?

सफरअली : लग्न कसलं! वॉर्डासाठी आणलाय. गेल्या शरदात माझी बायको बिबीसोरो इथंच होती ना. एकेका खाटेवर दोघं-दोघं, बाहेर चटयांवर आणखी. तेवढ्या सगळ्यांना पुरेल असा शिजवलाय.

डॉ. मुनव्वरा : तेवढे आता आणू कुठून? आत डोकावून तर बघ.

सफरअली : ...अरेच्चा! माणसं कुठं गेली?

डॉ. मुनव्वरा : घरी गेली, बरी होऊन. गेल्या वर्षी रक्ताचे थेंब लावलेल्या काचा तपासता तपासता डोळे दुखायचे. आता कधीमधी एखाद्या काचेत हिवताप सापडतो.

हकनजर : एखाद्या म्हणजे माझ्या! मी अजून इथंच आहे. आणि नाक शाबूत आहे. मटणाचा वास येतोय.

डॉ. मुनव्वरा : हे हकनजर बाबा. वॉर्डात एकटेच. काल हुडहुडी थांबली, आज भांडायला लागले.

हकनजर : भांडू कुणाशी, भिंतीशी? गेल्या वर्षी तापानं आलो, तेव्हा या खाटेवर माझ्याबरोबर एक न्हावी होता. रात्रभर पांघरूण ओढायचा, लबाड! आता त्याचीच आठवण येते.

सफरअली : घर कुठं बाबा तुमचं?

हकनजर : कालव्यापलीकडं.

सफरअली : तिथंही घरामागं भात लावलाय?

हकनजर : मग खायचं काय, धूळ?

सफरअली : आणि त्या पाण्यात मासे सोडलेत?

डॉ. मुनव्वरा : सोडू देत नाहीत रे. परवा मी माशांची बादली घेऊन गेले, तर कुणीतरी कुत्रं घातलं अंगावर. म्हणे, आज मासे सोडाल, उद्या शेत सोडा म्हणाल.

सफरअली : गेल्या वर्षी तुम्ही माझ्या शेतात मासे सोडायला आलात, तेव्हा मी तर फावडं घेऊन धावलो होतो.

डॉ. मुनव्वरा : माझी चप्पल चिखलात राहिली, विसरेन कशी?

सफरअली : वाटलं, आमचा भात बुडवायला आलात. घरात बायको पोटुशी, तापानं फणफणलेली. आणि तुम्ही त्या चिखलातूनच ओरडलात, ‘मासे डासांच्या अळ्या खातील, भात तू खा! आणि बायकोला आत्ताच्या आत्ता माझ्याकडं आण!’ आणली म्हणून वाचली. दोघी वाचल्या, आपा.

डॉ. मुनव्वरा : पोरगी कशी आहे?

सफरअली : दोन दात आलेत. चावते मला.

डॉ. मुनव्वरा : चावू दे.

सफरअली : या पुलावातला तांदूळ त्याच शेतातला. उद्या बादली माझ्याकडं द्या. कालव्यापलीकडं मी जातो. तुमचं ऐकत नसतील, माझं ऐकतील. त्यांच्यातलाच आहे मी.

हकनजर : पहिलं घर माझंच लागेल. आणि... ते कुत्रंही माझंच. पोराला सांग, बापानं पाठवलंय. बांधून ठेवील.

डॉ. मुनव्वरा : बाबा! दोन दिवस गप्प होतात?

हकनजर : ताप होता ना मला! आता वाढा कुणीतरी.

सफरअली : घ्या बाबा, मटणाचा तुकडा तुम्हाला. आपा, तुम्हीही बसा. गेल्या वर्षी तुम्हाला कधी बसलेलं पाहिलं नाही.

डॉ. मुनव्वरा : बसू तरी कुठं?

सफरअली : कुठंही बसा, आपा. बाकी सगळ्या खाटा रिकाम्या आहेत.