माळ्यावरचा दिवाळसण

मालनबाई: सुनील, ह्यो खोका तुझ्या माळ्यावर काय करतोय?

सुनील: कुठला खोका? आणि आई, तू स्टुलावर चढलीस कशाला?

मालनबाई: रव्याची चाळन शोधत हुते. तुझी बायकू म्हनली, वर असंल. तर ह्यो घावला. रुपालीचा मिक्सर हाय ह्यो.

सुनील: तसले खोके सगळे सारखेच असतात, आई.

मालनबाई: दुकानदार हळदीकुंकवाची बोटं लावून इकतो व्हय? भांड्याचं झाकन काढ. काय हाय आत?

सुनील: गहू.

मालनबाई: लेकीला रिकामं भांडं देत न्हाईत म्हनून पुनतांब्याहून मीच भरून आनले हुते. वर सुपारी, हळकुंड. आता नुसता भुगा झालाय किड्यांनी. दिवाळी हुऊन शिमगा आला, अन् तू मला म्हनलास, अमेरिकेला पोचला.

सुनील: तू बस आधी. चहा टाकायला सांगतो.

मालनबाई: च्या नको. बोल तू.

सुनील: अगं, तिकडची वीज वेगळी. आपल्या निम्म्या जोराची. आपला मिक्सर तिथं लावला तर नुसता घुरघुरतो, वाटण काही होत नाही.

मालनबाई: दुकानदार तर म्हनला, पिन बदलली की चालतो.

सुनील: त्याला विकायचा होता.

मालनबाई: अन् तू? रोज कंपनीत इजेच्या मोटारी जोडतोस. तुला ठाव नव्हतं?

सुनील: सांगितलं होतं की तुला. तू ऐकतेस कुणाचं? लग्नानंतरची पहिली दिवाळी, लेक-जावई येत नाहीत तर नाहीत, पण माहेरची वस्तू तिच्या ओट्यावर वाजली पाहिजे, हेच धरून बसलीस.

मालनबाई: म्हंजे चुकी माझीच.

सुनील: तसं नाही गं. मी पार्सल करायला निघालोच होतो. तेवढ्यात रुपालीचा फोन आला. म्हणाली, दादा, पाठवू नको. आम्ही इथलाच घेतलाय, तुमचा ठेवायलाही जागा नाही.

मालनबाई: तिनं सांगितलं?

सुनील: हो. आणि म्हणाली, आईला काही बोलू नको, तिला वाईट वाटेल. पोचला म्हणून सांग.

मालनबाई: पाडव्याला फोनवर म्हनली, आई, पहिलं वाटन तुझ्या मिक्सरवर केलं. जावईबापू दोन घास जास्त जेवले म्हनली.

सुनील: तुझं मन राखायला म्हणाली असेल.

मालनबाई: मी ते घरोघर सांगत फिरले. बनुबाईला सांगितलं, भागवतच्या आईला सांगितलं. इहिनबाईंना तर मुद्दाम फोन केला. त्या नुसतं "हो का" म्हनल्या. त्यांनाबी ठाव हुतं, व्हय ना?

सुनील: असेल.

मालनबाई: म्हंजे येडी मी एकटीच.

सुनील: आई, एवढ्याशा मिक्सरपायी...

मालनबाई: मिक्सर घाल चुलीत. लगीन झाल्यापासनं पोर दारात आली न्हाई. तिनं सरळ म्हनायचं हुतं, आई, तुझं हिथं चालत न्हाई. मी रडले असते. दोन दिवस जेवले नसते. मंग उठून दुसरं काय तरी केलं असतं, गोधडी शिवली असती. पन दिवाळसन केला असता. तुमी दोघांनी मला तेवढंबी करू दिलं न्हाई.

सुनील: चुकलं आमचं.

(सुनीलचा फोन वाजतो. रविवारी सकाळी रुपालीचा फोन ठरलेला.)

सुनील: तिचाच आहे. मी सांगू का तिला?

मालनबाई: तू गप बस. दे हिकडं. हां, बोल गं.

रुपाली: आई! पोचलीस का दादाकडे? कशी आहेस?

मालनबाई: बरी हाय. जेवलीस का?

रुपाली: आत्ताच. रात्र झाली ना इकडे. भरली वांगी केली होती, दाण्याचा कूट घालून.

मालनबाई: कूट कशात केलास?

रुपाली: तुझ्याच मिक्सरमध्ये. अजून कशात करणार?

मालनबाई: चालतोय ना बरा?

रुपाली: एकदम मस्त. इथल्या मिक्सरला त्याची सर नाही.

मालनबाई: व्हय.

रुपाली: आई, तुझा आवाज असा का येतोय?

मालनबाई: धुळीनं घसा धरलाय. सुनीलचा माळा आवरत हुते.

रुपाली: माळा?

मालनबाई: व्हय.

रुपाली: आई... दादा आहे का गं तिथं?

मालनबाई: हाय की, हितंच बसलाय. देते त्याच्याकडं. तुमी दोघं बोला, अन् काय ठरंल ते मला मागनं सांगा.