सासऱ्याचं नाव

(जिर्गालान गावाच्या वरचा डोंगर. बर्फाचा कडा नुकताच सुटून घळीत येऊन थांबला आहे. सातीबाल्दी छातीपर्यंत बाहेर आलाय. त्याची सून बुरुल फावड्यानं बाकीचं बर्फ काढते आहे.)

बुरुल : डोळे मिटू नका, मामंजी! माझ्याकडे बघा. श्वास घेता येतोय?

सातीबाल्दी : येतोय... पोरी, उतार कुठं गेला?

बुरुल : खाली आला, तुमच्यासकट. हात हलवा. आता दुसरा.

सातीबाल्दी : मी त्याच्यावर उभा होतो गं. आत्ता. इथंच.

बुरुल : पाय जाणवतात का?

सातीबाल्दी : डावा जाणवतो. उजवा... आहे, आहे. काय घट्ट झालंय हे! चालताना तर पिठासारखं होतं.

बुरुल : थांबलं की सिमेंट होतं. बोलू नका, दम राखा.

सातीबाल्दी : बोलू दे. आत तोंड उघडता येत नव्हतं. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. मला शोधलंस कसं?

बुरुल : गळ्यातल्या डबड्यामुळं. बर्फाखालूनही ते माझ्याजवळच्या डबड्याला खूण देत होतं. सकाळी बांधलं तेव्हा 'मी काय बकरी आहे का घंटा बांधायला?' म्हणत होतात.

सातीबाल्दी : आणि आत असताना कुणीतरी माझं नाव घेतलं. नुसतं 'सातीबाल्दी!' मला वाटलं, माझी गेलेली म्हातारी न्यायला आली. पण ती तरी कुठं कधी नाव घ्यायची?

बुरुल : मी होते.

सातीबाल्दी : तू?

बुरुल : चुकलं माझं. आधी 'मामंजी, थांबा' म्हणूनच ओरडले, पण वाऱ्यात तुम्हाला ऐकू गेलं नाही. पायाखाली 'धुप्प' वाजलं, भेग सरसर तुमच्याकडे धावली आणि तोंडातून नावच निघालं. मग खणतानाही तेच.

सातीबाल्दी : माझ्या नावाचा अर्थ 'विकत घेतलेला', आणि सुनेनं सासऱ्याच्या नावातला शब्दही उच्चारायचा नाही, म्हणून तू बाजारातलं मीठसुद्धा कधी 'विकत घेतलं' म्हणाली नाहीस. 'आणलं' म्हणायचीस. बायका हसायच्या तुला.

बुरुल : ते घरी गेल्यावर बोलू. निघाला पाय. उठा, आणि वर बघू नका.

सातीबाल्दी : का? काय आहे व... या अल्ला!

बुरुल : अर्धंच सुटलंय. तीन दिवस वारा डोंगरापलीकडचं बर्फ याच कुशीत आणून टाकत होता. बाकीचं अजून लटकलंय.

सातीबाल्दी : वर न्यायला घेतलेला चुलीचा पाइप बर्फातच राहिला की. उद्या तुझे स्कीवाले पाहुणे यायचेत, वर झोपडीत चूल पेटायला...

बुरुल : खड्ड्यात गेला तो पाइप!

सातीबाल्दी : माझ्याशी बोलतेस हे?

बुरुल : हो, तुमच्याशीच! त्या झाडं असलेल्या डोंगराच्या सोंडेवर चढायचंय. आधी तुम्ही. मी हलणार नाही, वर नजर ठेवून उभी राहते. दोघांनी एकदम नाही जायचं.

सातीबाल्दी : तिकडून फार लांब...

बुरुल : मघाशीही हेच म्हणालात आणि उतारावरून जवळची वाट धरलीत.

सातीबाल्दी : ...बरं. कुठं पाय टाकू, सांग.

बुरुल : त्या काळ्या खडकाकडे. सरळ. थांबू नका... शाब्बास. आता झाडाला धरा. येते मी.

सातीबाल्दी : ये. लवकर ये. खाली बघू नकोस, माझ्याकडे बघ. हं, हात दे. आलीस.

बुरुल : इथं नाही यायचं बर्फ. बसा. चहा आहे.

सातीबाल्दी : आण तो थर्मास, मी उघडतो. तुझ्यानं झाकण फिरेना... हा कसला आवाज?

बुरुल : गेलं. उरलेलंही गेलं.

सातीबाल्दी : आपण होतो तो खड्डा कुठला?

बुरुल : दिसत नाही.

सातीबाल्दी : आत्ता होता की.

बुरुल : मॉस्कोला फोन करून नुरगाझीला काय सांगितलं असतं मी? तुझ्या बापाला डोंगरावर घेऊन गेले आणि एकटीच परत आले, म्हणून? काय सांगितलं असतं, मामंजी?

सातीबाल्दी : घे, चहा घे आधी.

बुरुल : नको. सासऱ्यासमोर असं रडणं... पण थांबतच नाहीये हो.

सातीबाल्दी : नको थांबवूस. मी तिकडं तोंड करून बसतो.